सापडलेल्या आजारी कासवाचा सांभाळ

बडोद्यात आजारी कासव दारात येते ते बहुतेक वेळा घमेल्यात, बादलीत किंवा फरसाणाच्या रिकाम्या बरणीत. कधी ते परदेशी शिकायला गेलेल्या मुलामागे घरात उरलेले असते, कधी पावसाळ्यात विश्वामित्री नदीचे पाणी चढल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेले असते, तर कधी रस्त्यावर स्कूटरखाली आलेले असते. आणणाऱ्याच्या मनात कळवळा असतो आणि त्या कळवळ्यापोटी घाईही असते. दांडियाबाजारातल्या आमच्या घरी आलेल्या पहिल्याच कासवाच्या बाबतीत मीही तशीच घाई केली. त्याच्या नाकातून बुडबुडे येत होते. पाण्यातला प्राणी पाण्यातच बरा होईल असे समजून मी त्याला रात्री भरलेल्या टबात सोडले आणि सकाळी ते तळाशी मेलेले आढळले. कासव फुप्फुसांनीच श्वास घेते, आणि छातीत संसर्ग झालेल्या त्या अशक्त जिवाला वर येऊन नाक पाण्याबाहेर काढणे जमले नव्हते. त्या सकाळपासून मी एक क्रम पाळत आलो आहे: आधी ओळख, मग ऊब, मग पाणी आणि अन्न सर्वांत शेवटी. पुढे जे लिहिले आहे ते याच क्रमाने लिहिले आहे.

आधी ते कोणते कासव आहे हे ठरवावे

पुढचे सगळे निर्णय, अगदी कायद्याचेसुद्धा, कासवाच्या जातीवर अवलंबून असतात. डोळ्यामागे लाल पट्टा, मानेवर आणि पायांवर पिवळ्या-हिरव्या रेघा आणि टणक, हिरवट कवच असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर होय. मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले हे कासव आपल्याकडे पाळीव प्राण्यांच्या दुकानांत पिल्लू असताना विकले जाते, ‘एवढेच राहते’ असे सांगून विकले जाते आणि बरेचदा घरात भरभराट यावी म्हणून विकत घेतले जाते. प्रत्यक्षात नीट सांभाळल्यास ते वीस-तीस वर्षे जगते आणि त्याची मादी २५ ते ३० सेंटीमीटर लांब, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढी होते. वय वाढले की लाल पट्टा फिकट पडतो आणि काही म्हातारे नर जवळजवळ काळे दिसू लागतात, त्यामुळे पट्टा दिसत नाही एवढ्यावरून ते देशी कासव आहे असे धरून चालू नये.

देशी कासवांची लक्षणे वेगळी असतात. पाठ चामड्यासारखी मऊ आणि नाक लहानशा नळीसारखे पुढे आलेले असेल तर ते नदी-तळ्यातले मऊ पाठीचे कासव असते. त्यांतल्याच एका जातीच्या मागच्या पायांवर पोटाच्या बाजूने झाकणासारख्या मऊ पाळ्या असतात. पाठीच्या मधोमध कौलारू छपराच्या आढ्यासारखा उंचवटा असलेले लहान, टणक कासव हेही आपल्या नद्यांमधलेच असते. घुमटासारखे उंच कवच आणि त्यावर पिवळ्या किरणांची नक्षी असेल तर ते जमिनीवर राहणारे स्टार कासव असते. ही सगळी कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर स्टार कासवही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आले आहे. त्यांना घरात पाळणे हा गुन्हा आहे आणि आपला हेतू चांगला होता एवढ्याने तो गुन्हा टळत नाही. म्हणून देशी कासव जखमी किंवा आजारी सापडले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गुजरात सरकारच्या करुणा ॲनिमल ॲम्ब्युलन्सच्या १९६२ या क्रमांकावर लगेच फोन करावा, कासव सापडले त्या जागेचा फोटो काढून ठेवावा आणि मदत येईपर्यंत त्याला झाकण असलेल्या, हवा खेळणाऱ्या खोक्यात सावलीत ठेवावे. एखाद्या घरात पूर्वीपासून स्टार कासव असेल आणि आता ते आजारी पडले असेल तर घरच्यांना फोन करायची भीती वाटते. ती भीती मी समजू शकतो. तरीही ते रात्रीच्या अंधारात कुठेतरी सोडून देणे म्हणजे त्याला मरायला सोडणे होय, म्हणून स्वतःहून वन विभागाला कळवावे, असेच मी प्रत्येकाला सांगतो.

प्रत्येक सापडलेले कासव संकटात असते असेही नाही. पावसाळ्याच्या सुमारास देशी माद्या अंडी घालायला पाण्याबाहेर दूरवर चालत येतात. अंगावर जखम नाही, डोळे उघडे आणि स्वच्छ आहेत, उचलले की पाय जोराने मारते, असे कासव रस्त्यावर दिसले तर ते ज्या दिशेला निघाले होते त्याच बाजूला रस्ता ओलांडून ठेवावे आणि आपण बाजूला व्हावे. मात्र कासवासाठी विश्वामित्रीच्या काठावर उतरू नये. त्या नदीत मगरी आहेत आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीत कुठवर येऊ शकतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

उचलणे आणि नेणे

टणक कवचाचे कासव दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधल्या जागी, कवचाच्या कडांना धरून उचलावे. शेपटीला धरून कधीही उचलू नये, कारण शेपटी पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग आहे. कवच म्हणजे त्याने अंगावर घातलेला डबाही नव्हे. बरगड्या आणि कणा त्याच कवचाला जोडलेले असतात, त्याला नसा आणि रक्तपुरवठा असतो आणि त्यावर लागलेले त्याला दुखते. मऊ पाठीच्या कासवाची मान आपल्या अंदाजापेक्षा खूप लांब असते आणि ते वळून कडकडून चावते, म्हणून त्याच्यावर ओला टॉवेल टाकून मागच्या बाजूने, शेपटीच्या दोन्ही अंगांना धरावे.

दवाखान्यात नेताना कासवाला पाण्यात ठेवून नेऊ नये. गाडीच्या हेलकाव्यांत अशक्त कासवाच्या नाकातोंडात पाणी जाते. खोक्याच्या तळाशी ओलसर टॉवेल पुरेसा असतो. पाणकासवही अशा टॉवेलवर काही तास अगदी सुखरूप राहते. उन्हाळ्यात खोके स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, कारण बडोद्याच्या मे महिन्यात डिकीतली हवा काही मिनिटांतच कासवाला सोसणार नाही इतकी तापते.

पहिले दोन दिवस: ऊब आणि पाणी

कासवाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करून ती टिकवत नाही. बाहेर जेवढी ऊब असेल त्या प्रमाणात त्याची पचनशक्ती, रोगाशी लढण्याची ताकद आणि औषधाचा परिणाम या तिन्ही गोष्टी चालतात. जानेवारीत, उत्तरायणाच्या आसपास, आपल्याकडे पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. त्या दिवसांत बाल्कनीतल्या काचेच्या भांड्यातले कासव खात नाही, हलत नाही, तेव्हा लोक समजतात की ते शीतनिद्रेत गेले. निरोगी कासवाची गोष्ट निराळी, पण आजारी कासवाला थंडीत झोपू देणे म्हणजे त्याच्या आजाराला मोकळे रान देणे होय.

म्हणून पहिले काम उबदार खोके तयार करणे. साठ-सत्तर लिटरचा प्लास्टिकचा टब घ्यावा, तळाशी जुना टॉवेल पसरावा, एका टोकाला वरून उष्णता देणारा दिवा टांगावा आणि दुसऱ्या टोकाला सावली राहील असे आडोशाचे काहीतरी, उदाहरणार्थ आडवी ठेवलेली मातीची अर्धी कुंडी, ठेवावे. दिवा एलईडीचा चालत नाही, कारण तो उष्णता जवळजवळ देत नाही. हॅलोजनचा, जुन्या पद्धतीचा पिवळा किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा सिरॅमिकचा हीटर लावावा. उबदार टोकाला टॉवेलच्या पातळीवर ३० ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपास आणि रात्रीही २५ च्या खाली नाही, असे तापमान राखावे. हे हाताने चाचपून ठरवू नये; दोन साधे थर्मामीटर दोन टोकांना ठेवावेत. ऊब एका टोकालाच द्यायची, कारण किती ऊब हवी हे कासवाला कळते आणि ते स्वतः सरकून आपली जागा निवडते. दोन तास झाले तरी ते सतत गार टोकाला चिकटून तोंड उघडून बसले असेल तर दिवा फार जवळ आहे.

ऊब मिळाल्यावर, साधारण पाच-सहा तासांनी, पाणी द्यावे. आजारी कासव जवळजवळ नेहमीच सुकलेले असते: डोळे खोल गेलेले, कातडी सैल, तोंडातली लाळ चिकट. परातीत २८ ते ३० अंशांचे कोमट पाणी कासवाच्या हनुवटीच्या खाली राहील एवढेच घ्यावे आणि त्याला त्यात वीस मिनिटे बसू द्यावे. मान खाली घालून ते पाणी पिऊ लागते तेव्हा गळ्याखालची कातडी हळूहळू वर-खाली होते. पहिल्यांदा हे पाहायला मिळेल तेव्हा परातीजवळून उठू नये, कारण अशक्त कासवाचे डोके पाण्यात टेकूनच राहण्याची भीती असते. असे दिवसातून दोनदा करावे. पाण्यात ते बहुधा शी करते, म्हणून परात दर वेळी धुऊन घ्यावी आणि ती परात पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. पाणकासवाला या काळात बाकीचा वेळ कोरडेच ठेवावे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने त्याचा जीव जात नाही, पण सुजलेल्या डोळ्यांना ते झोंबते. पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवले की पुरते.

पहिल्या दिवशी काही खायला घालू नये. थंड आणि सुकलेल्या पोटात अन्न पचत नाही, सडते. आणणाऱ्या काकू ‘बिचाऱ्याने चार दिवस काही खाल्ले नाही हो’ असे काकुळतीने सांगतात तेव्हा नाही म्हणणे जड जाते, पण मोठे कासव उपाशी आठवडे काढू शकते; पाणी आणि ऊब यांच्याशिवाय मात्र ते काढू शकत नाही.

त्याच दिवशी डिजिटल वजनकाट्यावर वजन करून तारखेसह वहीत लिहावे आणि कवचाची सरळ लांबी पट्टीने मोजावी. पुढे आठवड्यातून एकदा, खाण्यापूर्वी आणि पाण्यातून काढून पुसल्यावर, वजन करत राहावे. कासवाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, वहीवरून कळते.

कोणते दुखणे काय सांगते

डोळे सुजून बंद झालेले कासव ही माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार आहे. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी आणलेले स्लायडर असेच होते: कवच नऊ सेंटीमीटर, वजन ११८ ग्रॅम, दोन्ही पापण्या फुगून पांढुरक्या झालेल्या, इतक्या की डोळ्यांच्या जागी दोन भिजवलेले वाटाणे ठेवल्यासारखे दिसत होते. नातवाने तीन वर्षे त्याला डबीतली वाळलेली कोळंबी तेवढीच घातली होती. अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि घाण पाणी या दोन गोष्टी एकत्र आल्या की पापण्यांच्या आतले अस्तर जाड होते, डोळा मिटतो, आणि कासव दिसल्याशिवाय खात नसल्याने उपासमार सुरू होते. यावर उपाय आहार आणि स्वच्छ, उबदार पाणी हाच आहे. अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन पशुवैद्यांनी वजन पाहून दिले तरच द्यावे, कारण ते जास्त झाले तर कासवाची कातडी सोलून निघते. कॉडलिव्हर ऑइलच्या गोळ्या घरीच फोडून पाजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. या कासवाने एकोणिसाव्या दिवशी डावा डोळा चिरेएवढा उघडला आणि बाविसाव्या दिवशी किसलेला लाल भोपळा खाल्ला.

डोक्याच्या बाजूला, डोळ्याच्या मागे, एखादी गोटी बसवल्यासारखी गाठ दिसली तर ती कानातल्या पुवाची असते. कासवाचा पू पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट असतो; तो दाबून निघत नाही आणि केवळ औषधाने विरघळत नाही. पशुवैद्याला छेद देऊनच तो काढावा लागतो.

नाकातोंडातून बुडबुडे किंवा चिकट पाणी, मान लांब करून तोंड उघडून श्वास घेणे, पाण्यात एका अंगाला कलून तरंगणे, यांपैकी काहीही दिसले तर फुप्फुसांत संसर्ग आहे असे समजावे. येथे एका दिवसाचाही उशीर करू नये. कासव पाण्यात अजिबात सोडू नये, फक्त पाणी पिण्यापुरते परातीत बसवावे, खोक्याची उबदार बाजू ३२ अंशांवर ठेवावी आणि दवाखाना गाठावा. प्रतिजैविकांची इंजेक्शने सहसा शरीराच्या पुढच्या भागात, पुढच्या पायाच्या स्नायूत दिली जातात, कारण मागच्या भागातले रक्त मूत्रपिंडांतून जाते. त्यांचा क्रम दोन-तीन दिवसांआड असा कित्येक आठवडे चालू शकतो. माणसाच्या पाच दिवसांच्या गोळ्यांची सवय असलेल्या आपल्याला हे विलक्षण लांब वाटते, आणि मध्येच बरे दिसले म्हणून औषध थांबवणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

कवच बोटाने दाबल्यावर दबते किंवा कडा वर वळल्या आहेत, असे टणक पाठीच्या कासवात दिसले तर हाडांत कॅल्शियम नाही. बंद खोलीत, उन्हाशिवाय वाढलेल्या कासवांचे हे दुखणे आहे. काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही, कारण त्यातले जे किरण ड जीवनसत्त्व तयार करतात ते काच अडवते. कवचावर खड्डे, लालसर किंवा पांढरा मऊ भाग आणि वास येत असेल तर कवच कुजू लागले आहे. तो भाग मऊ ब्रशने साफ करून, फिकट चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावून, कासव दिवसाचे बरेच तास कोरडे ठेवावे लागते. मात्र कवचावरची पातळ, पारदर्शक पापुद्र्यासारखी ढलपी आपोआप सुटत असेल तर ती वाढीची खूण आहे. ती ओढून काढू नये.

गाडीखाली येऊन किंवा हातातून पडून फुटलेले कवच दिसायला भयंकर असते, पण अशी कासवे जगतात. भेग सलाइनने हळूच धुवावी, निर्जंतुक गॉज ठेवून सैलसर पट्टी बांधावी, कासव कोरडे आणि माशांपासून झाकलेले ठेवावे, कारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काही तासांतच जखमेत माशांची अंडी पडतात. फेविक्विक, एम-सील किंवा तत्सम काहीही लावून भेग बुजवू नये; आत राहिलेली घाण वरून बंद होते आणि कासव आतून सडत जाते. आपल्या घरांत जखम दिसली की हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. कासवाच्या फुटलेल्या कवचात हळद भरू नये, कारण तिची पूड भेगेत घट्ट बसते, नंतर निघत नाही आणि डॉक्टरांना आतले काही दिसत नाही. तेल, तूप आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको.

मादी सतत जमीन उकरते, मागचे पाय ताणते, खात नाही, तर अंडी अडकली असण्याची शक्यता असते आणि त्यासाठी एक्स-रे लागतो. नर जवळ नसला तरी मादी अंडी धरते. शेपटीच्या मुळाशी लालसर मांसल भाग बाहेर आलेला दिसला तर त्यावर सलाइनने भिजवलेले गॉज ठेवून तो ओला राखावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. तोंडातून मासेमारीची दोरी लोंबत असेल तर ती ओढू नये, आणि तोंडापाशी कापूही नये. लांब ठेवून कवचाला चिकटपट्टीने चिकटवावी, म्हणजे गळ काढणाऱ्याला तिचा माग मिळतो.

डॉक्टर कसे निवडावेत

कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर असलेल्या व्यक्तीलाही कासवाचा अनुभव असेलच असे नाही, म्हणून फोनवर आधीच स्पष्ट विचारावे की आपण कासवांवर उपचार करता का. प्रामाणिक डॉक्टर नाही म्हणतात आणि दुसऱ्याचे नाव सुचवतात. बडोद्याहून सुमारे चाळीस किलोमीटरवर आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही लक्षात असू द्यावे. जंतांवर वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांसाठी प्राणघातक आहे. एका ठिकाणी ते चिठ्ठीवर लिहून मिळाल्यावर मी ते न देता परत विचारले आणि औषध बदलून घेतले, म्हणून हे नाव प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

अन्न आणि कायमची सोय

कासव जागे, गरम आणि डोळे उघडे ठेवून फिरू लागले की अन्न द्यावे. स्लायडरची पिल्ले प्रामुख्याने प्राणिज खातात आणि वाढ होत जाते तसा वनस्पतींचा वाटा वाढत जातो. चांगल्या प्रतीच्या कासवांच्या गोळ्या, गांडुळे, काट्यांसकट लहान मासे हे प्राणिज अन्न झाले. वाळलेली कोळंबी हा अधूनमधून द्यायचा खाऊ आहे, जेवण नव्हे. ज्या घरात मासे शिजत नाहीत तेथे गोळ्यांवर भागवता येते, त्यासाठी कोणी आपला नेम मोडायची गरज नाही. मोठ्या कासवाला जास्वंदीची पाने आणि फुले, शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा आणि गाजर द्यावे. पालक रोज देऊ नये, कारण त्यातला ऑक्झॅलेटचा अंश कॅल्शियम अडवतो. दूध, पोळी, भात आणि बिस्किटे पूर्ण वर्ज्य. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पाण्यात टाकून ठेवावा. कासव हवा तेव्हा तो कुरतडते.

टाकी किती मोठी हवी, या प्रश्नाला माझे उत्तर लोकांना आवडत नाही. कवचाच्या दर अडीच सेंटीमीटरमागे साधारण चाळीस लिटर पाणी असा हिशेब धरला तर दहा सेंटीमीटरच्या कासवाला दीडशे लिटरच्या पुढे जावे लागते. काचेच्या महागड्या टाकीची गरज नाही. बांधकामावर वापरतात तसला मोठा प्लास्टिकचा टब किंवा गच्चीवरचा छोटा हौद उत्तम चालतो. पाणी २४ ते २८ अंश, त्याला चांगला फिल्टर, आणि पूर्णपणे पाण्याबाहेर येऊन अंग वाळवता येईल अशी खडबडीत, उताराची जागा. त्या जागेवर ३२ ते ३५ अंश ऊब आणि यूव्हीबी दिवा, म्हणजे ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण देणारा दिवा, असावा. हा दिवा दिसायला चालू राहिला तरी त्याचे किरण कमी होत जातात, म्हणून तो सहा महिने ते वर्षभरात बदलावा. रोज अर्धा तास कोवळे ऊन मिळत असेल तर सर्वांत चांगले. पण उन्हात ठेवताना निम्मी जागा सावलीची हवीच, काचेची टाकी कधीही उन्हात ठेवू नये, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत कासव आत आणावे. वर जाळीही हवी, कारण गच्चीवरचे कावळे लहान कासवाच्या डोळ्यांवर आणि पायांवर टोचा मारतात.

घरात आधीचे कासव असेल तर नवे कासव तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. कासवांच्या अंगावर माणसाला जुलाब आणि ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि कासवे अगदी निरोगी दिसत असतानाही ते असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, टाकीचे पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतू नये आणि पाच वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बाईला व घरातल्या आजारी वृद्धांना या कामात घेऊ नये.

बरे झाल्यावर

सलग दोन महिने वजन स्थिर किंवा वाढते, कवच टणक, दोन्ही बाजूंनी समतोल पोहणे आणि स्वतःहून वर येऊन ऊन घेणे, एवढे दिसले की कासव बरे झाले असे मी धरतो. आता प्रश्न असा की ते कुठे जाणार. सुरसागरात, कमलानगरच्या किंवा गोत्रीच्या तळ्यात ते सोडून पुण्य मिळवण्याचा मोह अनेकांना होतो. एकादशीला किंवा श्रावणात असे फोन मला हमखास येतात. शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर नमस्कार करतो ते दगडी कासव मनात असते आणि जिवंत कासवालाही मोकळे करावे असे वाटते, ही भावना खरी आहे. पण स्लायडर येथले नाही. ते देशी कासवांच्या अन्नावर आणि ऊन घेण्याच्या जागांवर हक्क सांगते, त्यांना न सोसणारे आजार पाण्यात नेते आणि एकदा तळ्यात वाढले की काढता येत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली होती. दगडी बांधणीच्या काठाच्या तळ्यात तर स्वतः त्या कासवालाही वर यायला उतार मिळत नाही. सयाजीबागेतले १८७९ पासूनचे प्राणिसंग्रहालय हेही परवानगीशिवाय कासव सोडून येण्याचे ठिकाण नव्हे. तिथल्या हौदात गुपचूप सोडलेले एक आजारी कासव बाकीच्या सगळ्यांना आजारी पाडू शकते.

म्हणून स्लायडरला घरच शोधावे लागते, आणि ते शोधताना मी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय कासव देत नाही: टब आधी तयार आहे का, पुढच्या पाच वर्षांत घरातले सगळे परदेशी जाणार आहेत का, आणि ज्या माणसाचा हट्ट आहे त्याच्याखेरीज आणखी एक मोठी व्यक्ती जबाबदारी घेते का. लहान मुलाच्या वाढदिवसासाठी कासव मागणाऱ्यांना मी नम्रपणे नाही म्हणतो. दोन कासवे एकमेकांना सोबत म्हणून मागितली तरी एकच देतो, कारण एका टबातली स्लायडरे एकमेकांच्या शेपट्या आणि पाय तोडतात.

काकूंनी आणलेले ते कासव सात महिन्यांनी १९६ ग्रॅमचे होऊन बडोद्यातल्याच अकोट्याला एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. त्यांच्या अंगणात चारशे लिटरचा हौद होता. कासवाबरोबर मी वजनाची वही दिली, ते ज्यावर चढून बसायचे तो फरशीचा तुकडा दिला, उरलेल्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने येऊन वजन करीन असे सांगून आलो. महिन्याने गेलो तेव्हा आजोबांनी वहीत आठवड्यांच्या चार नोंदी स्वतः केल्या होत्या, तारखेपुढे पाण्याचे तापमानही लिहिले होते, आणि शेवटची नोंद २०४ ग्रॅमची होती.